घरात कुत्रं-मांजर नाही, तरी पिसवा: तळमजल्यावरच्या बंद घराचं काय करावं?

डोंबिवलीकरीण

डोंबिवलीत तळमजल्यावरचा वन बीएचके, अंदाजे चारशे चौरस फूट. मे महिन्यापासून बंद होता, जुलैत आम्ही भाड्याने राहायला आलो. घरमालकांकडे किंवा आमच्याकडे पाळीव प्राणी नाही, आधीही नव्हता. तरी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत तीन-तीन, चार-चार लाल पुटकुळ्यांचे झुबके उठतात, भयंकर खाजतात. पांढऱ्या चादरीवर तिळापेक्षाही लहान, काळपट तपकिरी काहीतरी दिसतं आणि बोट नेलं की टुणकन उडतं.

पेस्ट कंट्रोल केलं. ओट्याखाली झुरळांचं जेल लावलं आणि सगळ्या खोल्यांत फवारा मारला. दोन दिवस शांतता, मग पुन्हा तेच. तो माणूस म्हणतो औषध जालीम आहे, तुम्ही फरशी पुसली म्हणून गेलं.

घरात नऊ महिन्यांचं रांगतं बाळ आहे. माळ्यावर मालकांच्या जुन्या गोधड्या आहेत. मागच्या बाजूला डक्ट (पाइपांसाठीची उभी पोकळी) आहे, तिथून उंदरांचा आवाज येतो. शेजारच्या काकू डीडीटी पावडर टाका म्हणतात. नेमकं काय करायचं, कोणत्या क्रमाने? आणि पिसवा बाळाच्या केसांत जातात का?

षट्पद

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. पिसू आणि ऊ वेगळ्या. घरांत बहुतेक वेळा सापडते ती मांजरपिसू, कुत्र्यांवरही हीच जास्त असते. ती माणसाला चावते, रक्त पिते आणि उतरते. माणसाच्या अंगावर किंवा केसांत वस्ती करत नाही.

पण औषधाच्या मागे लागण्याआधी ही पिसूच आहे याची खात्री करा, कारण चावणारे इतरही आहेत. ढेकूण उडी मारत नाही, रात्री झोपेत चावतो, तोही उघड्या राहिलेल्या हातावर, मानेवर, पाठीवर, आणि गादीच्या शिवणीत काळे ठिपके सोडतो. कबुतरांच्या घरट्यातून येणारे कोळीवर्गी माइट टाचणीच्या टोकाएवढे असतात, नुसते चालतात आणि कपड्याखाली कुठेही चावतात. मोरीत ओल असली की स्प्रिंगटेल नावाचे किडे उड्या मारतात, पण ते चावत नाहीत. पिसू दोन्ही बाजूंनी चपटी असते, जमिनीवर पडलेल्या नाण्यासारखी आडवी नव्हे तर कडेवर उभी. म्हणून बोटांच्या चिमटीत चिरडत नाही, निसटते. पारदर्शक चिकटपट्टीने उचला आणि मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघा. मागचे पाय लांब दिसले की संपला प्रश्न.

मोजणीसाठी सापळा लावा. पसरट थाळीत दोन बोटं पाणी, त्यात भांड्याच्या लिक्विडचे पाच-सहा थेंब. थाळी जमिनीवर ठेवून वर वीतभर उंचीवर टेबललॅम्प. जुना पिवळा बल्ब असेल तर उत्तम, कारण पिसू उजेडाकडे येते तशी उबेकडेही येते. बाकी दिवे बंद. साबणाने पाण्याचा ताण जातो, उडी मारून पडलेली पिसू बुडते. नुसत्या पाण्यावर ती तरंगते आणि निघूनही जाते. प्रत्येक खोलीत एक थाळी, सकाळी मोजा आणि कागदावर लिहा. या सापळ्याने घर साफ होत नाही, पण कुठल्या खोलीत, कुठल्या भिंतीलगत जास्त आहेत ते कळतं. ते कळलं की निम्मं काम झालं.

आता बंद घरात पिसवा का, याबद्दल. मादी प्राण्याच्या अंगावर राहून रक्त पिते आणि दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत अंडी घालते. अंडी चिकट नसतात, गळून पडतात. प्राणी जिथे झोपतो तिथे अंडी. त्यातून निघालेली अळी उजेडापासून पळते, फटीत, गालिच्याच्या बुडाशी, पलंगाखालच्या धुळीत शिरते. तिचं अन्न म्हणजे मोठ्या पिसवांची विष्ठा, म्हणजेच वाळलेलं रक्त. मग ती रेशमासारखा चिकट कोष विणते. त्याला धूळ-माती चिकटते आणि तो कचऱ्याचा कण वाटतो. मुंबई-ठाण्याच्या पावसाळी हवेत अंड्यापासून मोठी पिसू व्हायला तीन-चार आठवडे पुरतात. पण कोषात तयार होऊन बसलेली पिसू लगेच बाहेर येतेच असं नाही. आसपास भक्ष्य नसेल तर काही महिने तशीच थांबते. पावलांची धमक, दाब, ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड यांची चाहूल लागली की काही क्षणांत बाहेर. बंद घर उघडल्यावर पहिल्याच दिवशी पायांवर तुटून पडतात त्या याच. दोन महिने उपाशी बसलेल्या.

तुमचा फवारा दोन दिवसांत "फसला" तोही इथेच. बाहेर होत्या त्या मेल्या. कोषात औषध शिरत नाही, त्यामुळे आतल्या वाचल्या आणि नंतर निघाल्या. अशा आणखी दोन ते चार आठवडे निघत राहतील, फवारणी उत्तम झाली तरी. तेवढ्यावरून औषध बोगस ठरवू नका. रोजचा आकडा उतरतोय का ते बघा.

गवती चहा

कापूर आणि खोबरेल तेल एकत्र करून पायांना लावा, बाळालाही. कोपऱ्यांत कडुनिंबाचा पाला आणि संध्याकाळी धूप-राळ. मीठ आणि खायचा सोडा फरशीवर रात्रभर टाकून सकाळी झाडून घ्या. आमच्या गावाकडे गोठ्यातल्या पिसवांना हेच करतात, साइड इफेक्ट नाहीत.

षट्पद

कापूर बाळाला अजिबात नको. तान्ह्या मुलांत कापूर कातडीतून, नाकावाटे किंवा तोंडातून गेला तर झटके येऊ शकतात, आणि रांगतं मूल पायाचा अंगठा तोंडात घालतंच. "नैसर्गिक" आहे म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही.

कडुनिंब आणि धुराने पिसवा फार तर थोडा वेळ लांब राहतात. कोषांना फरक पडत नाही, आणि बंद खोलीत धूर बाळाच्या छातीला वाईटच. मीठ-सोड्याचा हेतू अळीला सुकवून मारणं हा. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली गेली तर अळ्या खरंच मरतात, पण श्रावणात डोंबिवलीत मीठ स्वतःच पाझरतं, ते अळीला काय सुकवणार. डायटोमेशियस अर्थ नावाच्या पावडरीचंही तेच, कोरड्या हवेतच काम करते, शिवाय उडाली की श्वासात जाते.

गोठ्यातल्या उपायात खरी कामाची गोष्ट वेगळीच असते: शेण-माती खरवडून काढतात, गवत जाळतात आणि जमीन नव्याने सारवतात. म्हणजे अळ्या-कोषांची जागाच जाते.

फवारणीवाला

धंदा हाच असल्याने फवारणीबद्दल लिहितो.

झुरळांचं जेल हे खायचं आमिष आहे, पिसू ते खात नाही. पिसवांसाठी गेलेल्या माणसाने तुमच्याकडे जेल लावलं म्हणजे त्याने नेहमीचं झुरळांचं पॅकेजच केलंय. पुढच्या वेळी बोलवाल तेव्हा आधी दोन प्रश्न विचारा. एक, औषधाचं नाव काय आणि डबा दाखवता का? डब्यावर नोंदणी क्रमांक आणि घरात वापरायची परवानगी हवी. कीटकनाशक कायदा १९६८चा आहे आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला परवाना लागतो, तोही मागा. दोन, वाढरोधक म्हणजे आयजीआर वापरता का? पायरीप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीन ही त्यांतली नावं. ही औषधं मोठ्या पिसवेला मारत नाहीत. अंडी आणि अळ्या पुढे वाढू देत नाहीत, आणि घरात बराच काळ टिकतात. नुसतं मारक औषध आणि मारक अधिक आयजीआर, यात पिसवांच्या बाबतीत फार मोठा फरक पडतो. आयजीआर मिळत नाही म्हणून कोणी शेतीचं पायरीप्रॉक्सिफेन आणून घरात मारू नका. त्यातली द्रावकं घरासाठी नसतात.

मारक म्हणून सहसा डेल्टामेथ्रिन, लॅम्बडा-सायहॅलोथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन येतं. याचे दोन प्रकार: पाण्यात मिसळणारी पावडर किंवा फ्लो (तीच पावडर दाट पातळ रूपात), आणि ईसी म्हणजे द्रावकात विरघळवलेलं तेलकट औषध. सिमेंट, कोबा, शहाबादी फरशी असल्या शोषून घेणाऱ्या पृष्ठभागावर ईसी आत मुरून जातं. पावडरीचे कण वर राहतात आणि पिसवेच्या पायाला लागतात. पावडरीने गडद लाकडावर पांढुरके डाग राहतात, एवढाच तोटा. प्रमाण लेबलवर असेल तेच. उदाहरणार्थ अडीच टक्क्यांची पावडर लिटरला १० ग्रॅम घेतली तर द्रावण ०.०२५ टक्के होतं. "जरा कडक करा" म्हणून दुप्पट करून घेऊ नका. पिसू दुप्पट मरत नाही, घरातल्यांचा त्रास दुप्पट होतो.

लागतं किती? साधा हिशोब: एक लिटर द्रावण साधारण पंचवीस चौरस मीटरला. दहा बाय बाराची खोली म्हणजे अकरा चौरस मीटर, म्हणजे साडेचारशे मिली. तुमचं अख्खं चारशे फुटांचं घर भिजवलं तरी दीड लिटर. आणि सगळं भिजवायचं नाहीच. उघड्या, रोज पुसल्या जाणाऱ्या फरशीवर अळ्या नसतात, तिथे मारलेलं औषध फडक्याबरोबर मोरीत जातं आणि बाळाच्या हाताला लागतं ते वेगळंच. औषध कुठे जायला हवं: स्कर्टिंगच्या फटी, दाराच्या चौकटीचा पाया, बॉक्स पलंगाच्या तळाखाली आणि आत, सोफ्याच्या बुडाचं कापड आणि त्याखालची जमीन, कपाटाखाली, उंबरठा, माळ्याचा कठडा, खिडकीच्या ग्रिलचा ओटा. नोझल धुक्यावर न ठेवता जाड थेंबांवर, एका फुटावरून, ओलं दिसेल इतकंच. पाणी वाहायला लागलं म्हणजे जास्त झालं.

धूर सोडणारे बॉम्ब, फॉगर यांच्यावर पैसे घालवू नका. धुकं वरून खाली बसतं, पलंगाखाली जात नाही, आणि पिसवा पलंगाखालीच असतात. उडणाऱ्या किड्यांच्या स्प्रेचंही तेच.

बाळ असल्यामुळे: फवारणीच्या दिवशी त्याला सकाळीच दुसरीकडे पाठवा. खेळणी, पाळण्याचे कपडे, दुधाच्या बाटल्या, भांडी झाकून किंवा बाहेर. फवारल्यावर घर निदान चार तास बंद, मग खिडक्या उघडून पंखे लावून पूर्ण वाळू द्या. मधली उघडी फरशी साबणाच्या पाण्याने पुसून घ्या, कडेची वीतभर पट्टी दोन आठवडे पुसू नका. बाळाचा वावर त्या पट्टीपर्यंत जाणार नाही अशी सोय करा, सतरंजी मध्यभागी. घरात माशांची टाकी असेल तर ती बाहेर न्या. या गटातली औषधं माशांना फार लवकर मारतात.

दुसरी फवारणी चौदा दिवसांनी. पहिल्याच भेटीचे पैसे घेताना हे जो सांगत नाही त्याला पिसवांचं काम माहीत नाही असं समजा.

डीडीटीचं: ते आता सरकारी रोगनियंत्रण कार्यक्रमापुरतंच आहे, घरगुती वापरासाठी नाही. सुट्या पुडीत डीडीटी म्हणून काय मिळतं ते लेबलाशिवाय कळायला मार्ग नाही. जुन्या लोकांच्या तोंडी गॅमेक्सीन असतं, म्हणजे बीएचसी हे कीटकनाशक, त्यावर १९९७ पासून बंदी आहे. कोणाच्या माळ्यावर जुना डबा सापडला तर उघडू नका.

पाटा-वरवंटा

फवारणीवाले दादा म्हणतात ते बरोबर, पण फवारणीच्या आधी झाडलोट झाली नाही तर औषध धुळीवर बसतं आणि धुळीबरोबरच जातं. त्यामुळे क्रम: आधी उपसणं, मग फवारणी, मग रोजचं व्हॅक्यूम.

झाडूने सुरुवात करू नका. केरसुणीने अंडी आणि कोष हवेत उडून शेजारच्या खोलीत जातात. व्हॅक्यूम क्लीनर भाड्याने किंवा सोसायटीत कोणाकडून तरी मिळवा. फटीत जाणारी चपटी नळी लावून पलंगाच्या सांध्यांपासून सुरुवात. व्हॅक्यूमचा एक फायदा बहुतेकांच्या लक्षात येत नाही: त्याच्या थरथरीने कोषातल्या पिसवा फसून बाहेर येतात आणि एक तर ओढल्या जातात, नाही तर औषधावर उतरतात. म्हणून फवारणीनंतरही मधल्या भागात, सोफ्यावर, गाद्यांवर रोज चालवायचा, निदान दोन आठवडे. औषधाची पट्टी तेवढी सोडा. पिशवी भरो न भरो, त्याच दिवशी घराबाहेर प्लॅस्टिकमध्ये बांधून टाका. बिनपिशवीचं यंत्र असेल तर डबा साबणाच्या पाण्याच्या बादलीत उपडा करा, कोरड्या कचऱ्याच्या डब्यात नको. काहीजण व्हॅक्यूममध्ये डांबराच्या गोळ्या टाकतात, ते करू नका, यंत्र तापलं की वाफ घरभर होते.

व्हॅक्यूम नसेलच तर ओलं करून काढा. बादलीभर कडक गरम पाण्यात दोन चमचे कपड्याचं लिक्विड, जाड फडकं पिळून कडेकडेने दाबत पुसा, फटीत जुना टूथब्रश. प्रत्येक खोलीला पाणी बदला आणि वापरलेलं पाणी संडासात ओता.

पायपुसणी, सतरंज्या, चादरी, सोफ्याची कव्हरं: ६० अंशांच्या पाण्यात धुवायची. हात घालवत नाही एवढं गरम. मशीनला तो पर्याय नसेल तर आधी बादलीत कढत पाण्यात अर्धा तास बुडवा. कपडे गोळा करून घरभर फिरवू नका, जागेवरच मोठ्या पिशवीत कोंबून न्यायचे. नाही तर वाटेत अंडी सांडतात.

माळ्यावरच्या गोधड्यांचा मला जास्त संशय येतोय. जाड गोधडीच्या आत गरम पाणी पोचतं, पण ती पावसाळ्यात वाळणार कुठे? कुजेल. ऊन असतं तर काळ्या प्लॅस्टिकमध्ये बांधून गच्चीत दिवसभर ठेवली असती, आत भट्टी होते. आत्ता लाँड्रीच्या गरम ड्रायरमध्ये अर्धा तास फिरवून घेणं हाच मार्ग. तेवढा खर्च करण्यासारख्या नसतील तर मालकांना विचारून टाकून द्या. नुसतं प्लॅस्टिकमध्ये बांधून पुन्हा माळ्यावर ठेवलं तर कोष आत शांत बसतील आणि पिशवी दिवाळीच्या साफसफाईला उघडेल. तेव्हा पुन्हा हाच धागा वर येईल.

उंदीरमामा

सगळं बरोबर चाललंय, पण मुळाकडे अजून कोणी गेलं नाही. घरात पाळीव प्राणी नाही म्हणजे *दुसरा* कोणीतरी प्राणी आहे. माणसाच्या रक्तावर मांजरपिसवेची वीण नीट चालत नाही, त्यामुळे सहा आठवडे काम करूनही थाळीतला आकडा उतरला नाही तर समजायचं की कुठूनतरी रोज ताजी अंडी पडतायत. उमेदवार तीन: जिन्याखाली, मीटरच्या खोलीत किंवा खिडकीच्या ओट्यावर झोपणारी मांजर, डक्ट किंवा माळ्यातले उंदीर-घुशी, आणि आवारात दाराशी पहुडणारं कुत्रं.

जागा शोधायची युक्ती: संशयित ठिकाणची काळी पूड ओल्या पांढऱ्या कापसावर घ्या. मिनिटभरात लालसर तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे रक्त. माती असेल तर काळाच राहील.

तुम्ही उंदरांचा आवाज लिहिलाय म्हणून ठळक सांगतो. आधी पिसवा, मग उंदीर. उलटा क्रम केलात तर फसाल. उंदीर मेला, अंग गार पडलं की पिसवा त्याला सोडतात आणि जवळच्या गरम अंगाकडे निघतात. डक्टमध्ये विषाच्या वड्या टाकल्या, चार उंदीर तिथेच मेले, तर चौथ्या दिवशी वासही येईल आणि पिसवाही. उंदरावरची पिसू वेगळ्या जातीची असते आणि ती जास्त गंभीर, कारण प्लेग पसरवते तीच. पॉल-लुई सिमाँ याने १८९८ साली कराचीत प्रयोग करून हे दाखवलं, तेव्हा मुंबई-पुण्यात प्लेगने थैमान घातलेलं होतं आणि लोकांना फक्त एवढं कळत होतं की उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं. आपल्याकडचं अलीकडचं उदाहरण म्हणजे १९९४चं बीड. किल्लारीच्या भूकंपानंतर धास्तीने लोक घराबाहेर झोपत, धान्य आत, त्यात उंदीर माजले. ऑगस्टमध्ये आधी उंदीर मरू लागले आणि घरांतून पिसवांच्या तक्रारी आल्या, मग माणसांच्या गाठी. घाबरवायला लिहीत नाही, आज घरातल्या पिसवांमुळे प्लेग होईल असं कोणी म्हणणार नाही. पण आवारात एकाएकी बरेच उंदीर मरून पडलेले दिसले तर झाडूवाल्याकडून उचलून घेऊ नका, महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा.

एखादाच मेलेला उंदीर उचलायचा असेल तर: आधी त्याच्यावर आणि भोवती फूटभर अंतरात रांगणाऱ्या किड्यांसाठीचा स्प्रे मारा, दहा मिनिटं थांबा, हातमोजे घालून दुहेरी पिशवीत.

पिसवांची पहिली फवारणी झाल्यावर उंदरांचं काम. विष नको, पिंजरा लावा, डक्टमध्ये मेलेला सापडत नाही. आणि भोकं बुजवणं हेच खरं काम. लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून येतो. पाइपभोवतीच्या फटीत भांडी घासायची स्टीलची जाळी ठासून वरून सिमेंट, नुसतं सिमेंट ओलं असतानाच कुरतडतात. मोरीच्या जाळीचं छिद्र सहा मिलिमीटरच्या आत. डक्टचं काम सोसायटीचं आहे, एकट्या भाडेकरूचं नाही, सेक्रेटरीला लेखी द्या.

डोंबिवलीकरीण

सगळ्यांचे आभार. थाळ्या लावल्या. हॉलमध्ये मागच्या खिडकीपाशी अकरा, बेडरूममध्ये दोन, स्वयंपाकघरात शून्य. माळ्याखालीही एकच. चिकटपट्टीवरची उभट चपटीच आहे, लांब पायांची. आणि कापसाची परीक्षा मागच्या खिडकीच्या ग्रिलमधल्या ओट्यावर लाल आली! तिथे पत्र्याखाली जुन्या खोक्यात मांजरीने पिल्लं घातली होती असं वॉचमन म्हणतो. दोन पिल्लं अजून आहेत. खोकं उचलून बाहेर ठेवू का? घरातले म्हणतायत मांजरीला आजच हाकलून द्या.

जिन्यातली मनी

आज हाकलू नका. मांजर पिल्लांना तोंडात धरून शेजारच्या ओट्यावर नेईल, जास्तीत जास्त दहा फूट, आणि पिसवांची वस्ती दोन ठिकाणी होईल. पिल्लं तीन-चार आठवड्यांची असतील तर आणखी महिनाभरात स्वतः खायला लागून हिंडू लागतील.

तोवर करायचं एवढं: नवं खोकं, त्यात जुनी सुती साडी, ग्रिलपासून लांब, पाऊस लागणार नाही अशा जागी जिन्याखाली. पिल्लं हातमोजे घालून त्यात ठेवा, आई दिसत असताना, म्हणजे ती मागे येते. साडी दर तीन दिवसांनी कढत पाण्यात. जुनं खोकं तिथेच पिशवीत घालून बांधा, घरातून नेऊ नका, बाहेरच्या बाजूने काढा.

मोठ्या मांजरीच्या मानेवर टाकायचं औषध प्राण्यांच्या डॉक्टरांकडून घ्या, फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिनचं, मांजरीसाठीचंच, आणि पाजणारी आहे हे सांगून. कुत्र्याच्या पट्ट्यात किंवा थेंबांत परमेथ्रिन असतं, ते मांजरीला विषासारखं आहे, झटके येऊन मरते. पिल्लांवर घरातला कुठलाही स्प्रे, पावडर, फिनेल नको. त्यांच्यासाठी बारीक दातांचा उवांचा कंगवा आणि साबणाच्या पाण्याची वाटी, कंगव्यात आलेली पिसू लगेच वाटीत. पिल्लांच्या हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर पिसवांनी रक्त कमी केलंय, दवाखान्यात न्यायलाच हवं. मांजरीची नसबंदी सोसायटीच्या मीटिंगमध्ये काढा, नाही तर पुढच्या पावसात तोच ओटा, तीच मांजर.

फवारणीवाला

ओटा रिकामा झाला की घासून घ्या, पत्र्याखालची माती खरवडून काढा, वाळू द्या, मगच औषध. मांजर त्या ओट्यावर परत बसणार असेल तर फवारा मारून उपयोग नाही आणि तिच्यासाठी धोकाही आहे, तेव्हा औषध वाळेपर्यंत पुठ्ठा लावून जागा बंद ठेवा आणि नंतर ग्रिलला बारीक जाळी. अकरा विरुद्ध दोन हा आकडा बघता बेडरूममध्ये फार काही नाही, पलंगाखाली एक हात पुरे. सगळा भर त्या खिडकीखालच्या सोफ्यावर.

पाटा-वरवंटा

माळ्याखाली एकच म्हणजे गोधड्यांवरचा माझा संशय बराचसा खोटा. तरी बघून घ्या.

बाळासाठी पूर्ण पायाचे मोजे आणि पायजमा, हलक्या रंगाचे म्हणजे बसलेली पिसू दिसते. चावलेल्या जागी थंड पाण्याची पट्टी आणि कॅलामाइन, नखं कापून ठेवा, खाजवून पिकतं ते जास्त त्रास देतं. मच्छर पळवणारं मलम एवढ्या लहान बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दोन आठवड्यांच्या आत घरात कोणालाही न उतरणारा ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ आलं तर डॉक्टरांना "घरात पिसवा आणि उंदीर आहेत" हे आपणहून सांगा. पिसवांमुळे येणारा टायफसचा ताप ओळखायला त्यांना तेवढी माहिती लागते, आणि ती कोणी देत नाही.

डोंबिवलीकरीण

शेवटचा प्रश्न. पहिली फवारणी या आठवड्यात होईल. गणपतीला दहा-बारा दिवस गावी जायचंय, दुसरी फवारणी नेमकी त्याच्या मध्ये येते. घर बंद राहिलं तर उपाशी मरतील ना?

षट्पद

मोठ्या झालेल्या मरतील, एक-दोन आठवड्यांत, खायला काही नसेल तर. कोषातल्या मात्र तुमचीच वाट बघत बसतील. दुसरी फवारणी आल्यानंतर करा, आधी उरकून घेऊ नका. जाण्याच्या दिवशी शेवटचं व्हॅक्यूम, पिशवी बाहेर.

परत येताना बाळाला आणि सामानाला तासाभरासाठी शेजारी ठेवा. एकाच मोठ्या माणसाने आधी आत जायचं, फुलपँट मोज्यात खोचून. हॉलमध्ये पाय आपटत फिरायचं, सोफ्यावर जोरात बसायचं, उशा थोपटायच्या, म्हणजे असतील तेवढ्या कोषांतून बाहेर येतील. मग लगेच व्हॅक्यूम, खिडकीखालच्या कोपऱ्यापासून दाराकडे. दुसऱ्या दिवशी फवारणीवाल्याची वेळ आधीच ठरवून ठेवा, गणपतीनंतर त्यांच्याकडे गर्दी असते. रात्री थाळ्या पुन्हा त्याच जागी लावा, जुन्या आकड्यांशी ताडून बघायला.